‘कऱ्हाड’ उमटायला हवं

आठवीच्या मुलांना मी संगणकाच्या पहिल्या तासाला स्वतःचा पत्ता टाइप करायला लावते. नाव, गाव, तालुका, जिल्हा, एवढंच. शाळा कऱ्हाड तालुक्यातली, त्यामुळे तालुक्याच्या ओळीवर सगळा वर्ग अडतो. एकदा अशाच तासाला मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तालुक्याचं नाव उमटंना.” त्याच्या पडद्यावर ‘कर्हाड’ होतं, रफार ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसलेला. शेजारच्याने ‘कराड’ लिहून अडचण मिटवली होती. पलीकडच्या मुलीने ‘करहाड’ लिहिलं होतं आणि ते चुकलंय हे तिला कळत होतं, पण दुरुस्त कसं करायचं ते कळत नव्हतं.

मुलांचं काही चुकलं नव्हतं. ती इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या एका साधनावर काम करत होती, आणि त्या साधनाला त्यांच्या मनातला ‘ऱ’ ओळखता येत नव्हता. मराठी कळफलक त्या यंत्रांत मुळातच होता. तो चालू करायला एक ओळ लागते. ती ओळ कुणी लिहिली नव्हती, इतकंच.

ही ओळ लिहायला मुलांनी शिकावं आणि आपण ती त्यांना शिकवावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिते आहे. कीबोर्ड, माउस आणि पडदा या तीनच गोष्टींमधून माणूस संगणकाशी बोलतो. त्या आपल्या हाताला, डोळ्याला आणि भाषेला जुळवून घेणं हे संगणक शिक्षणाचं पहिलं प्रकरण असायला हवं. आज ते कुठल्याच प्रकरणात नाही.

मी मूळची सांगलीची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, साठेखतं. यंत्र मराठी, गोदरेजचं. सकाळी बसल्याबसल्या ते पहिल्यांदा यंत्र लावून घ्यायचे. डावा-उजवा समास किती सोडायचा ते दोन खटके सरकवून ठरवायचे. कळ किती जोराने दाबली की अक्षर उठेल, याचाही एक खटका होता. बोटं दुखू लागली की अण्णा तो सैल करायचे. ‘क’ आणि ‘ब’च्या पोटात शाई साचली की टाचणीने काढायची, मग ब्रशने पुसायचं. दुसरा कुणी त्यांच्या यंत्रावर बसला तर उठताना सगळे खटके होते तिथे आणून ठेवायचा. हा तिथला रिवाजच होता. २००९ मध्ये गोदरेजने टाइपरायटर बनवणं थांबवलं. त्या झाडाखाली आता झेरॉक्सची टपरी आहे, तिथे संगणक आहे, पण त्याचे खटके कुठे असतात ते चालवणाऱ्याला ठाऊक नाही. तो मान वाकडी करून पडद्याकडे बघतो आणि बारीक अक्षरं वाचतो. यंत्र बदललं तसं ते लावून घ्यायचं शिक्षणही बदलायला हवं होतं. ते मात्र मध्येच कुठेतरी सुटून गेलं.

आमच्या कक्षात अठरा संगणक आहेत, सगळे कुठून ना कुठून भेट मिळालेले, जुने. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि यातल्या बहुतेक यंत्रांना पुढची आवृत्ती झेपणारी नव्हती. म्हणून आम्ही त्यांवर लिनक्स टाकलं, हलका डेस्कटॉप असलेलं. अशी वेळ सातारा-सांगलीतल्या किती तरी शाळांवर आली असेल. यंत्र भंगारात काढण्यापेक्षा हा मार्ग बरा, आणि लिनक्सवर खटके उघडे असतात. काळ्या खिडकीत ओळ लिहायची, एंटर दाबायचा, खटका सरकतो.

‘हे सगळं मेनूतून होतंच की, मुलांना कमांड लिहायला कशाला लावता?’ असं मला आमच्याच शिक्षकांनी विचारलं. त्याचं उत्तर एका सोमवारी मिळालं. सभागृहात पालकसभा होती, प्रोजेक्टर जोडला, आणि भिंतीवर चित्राचा वरचा डावा कोपरा तेवढा आला. मेनूची पट्टी भिंतीच्या खाली, पडद्याच्या बाहेर. पडद्याची मांडणी बदलायचा मेनू उघडायचा तर तोच दिसत नव्हता. विक्रेत्याला फोन केला, त्याने आठवड्याभराने माणूस पाठवतो म्हणून सांगितलं. मग नववीतल्या एका मुलीने काळी खिडकी उघडली आणि ‘एक्सरँडआर’ एवढाच शब्द लिहिला. कोणते पडदे जोडलेत आणि कुणाला किती ठिपक्यांचं चित्र झेपतं याची यादी आली. चालू असलेल्या आकारापुढे तारा असतो. तिने यादीतून प्रोजेक्टरला झेपणारा १०२४ बाय ७६८ निवडला, दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दिसावं म्हणून आणखी दोन शब्द जोडले, आणि चित्र भिंतीवर पुरतं बसलं. माउस बिघडला तर माउसचा मेनू उघडायला माउसच लागतो. लिहिलेल्या ओळीचं असं होत नाही, ती यंत्राशी थेट बोलते.

दुसरं कारण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं आहे. मेनूतली वाट तोंडी सांगावी लागते: इथे दाब, मग तिथे, मग ते चाकाचं चिन्ह. पुढच्या आवृत्तीत ते चिन्ह जागा बदलतं आणि सांगितलेलं सगळं वाया जातं. ओळ वहीत लिहिता येते. आमच्याकडे दोनशे पानी वही आहे. तीत मुलं तारीख घालून ओळ लिहितात, कशासाठी ते लिहितात, आणि तिच्याखाली ती उलटवायची ओळ लिहितात. उलटवायची ओळ नसेल तर मी सही करत नाही. एका यंत्रावर जमलं की तीच ओळ नेटवर्कवरून सतरा यंत्रांवर पाठवता येते. गेल्या वर्षी दहावी होऊन गेलेल्या मुलांच्या ओळी यंदाची आठवी वापरते आहे. एक सांगायला हवं: यातल्या काही ओळी लिनक्सच्या जुन्या, एक्स नावाच्या चित्रव्यवस्थेवर चालतात. नव्या वेलँडवर त्यांचं वळण वेगळं आहे. तेही वहीत वेगळ्या पानावर आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते, मराठी कळफलकाकडे. ‘सेटएक्सकेबीमॅप’ हा शब्द, त्यापुढे इंग्रजी आणि भारतीय अशा दोन मांडण्या, आणि ऑल्ट-शिफ्ट दाबल्यावर एकीवरून दुसरीवर जायचं, एवढी ती ओळ. आणखी एक पर्याय जोडला की मराठी चालू असताना कीबोर्डवरचा स्क्रोल लॉकचा दिवा लागतो. दिवा पाहून मुलांना कळतं की आता आपण मराठीत आहोत. इतका साधा उपाय, पण ‘मॅडम, पासवर्ड घेत नाही’ ही तक्रार त्या दिव्याने निम्म्यावर आणली.

या मांडणीचं नाव इन्स्क्रिप्ट. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या मानकात ती घेतली. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजनं. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर, ‘त’ आणि ‘थ’ एकाच कळेवर. शिफ्ट दाबलं की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. वर्णमाला ज्याला येते त्याला ही रचना परकी वाटत नाही. मुलांना मी इंग्रजी अक्षरं न बघता बोटांची जागा पाठ करायला लावते. ‘सातारा’ म्हणजे एम, ई, एल, ई, जे, ई. ‘सांगली’ म्हणजे एम, ई, एक्स, आय, एन, आर. ‘ळ’ हा ‘ल’च्याच कळेवर शिफ्ट धरून, तेव्हा जावळी, शिराळा आणि कवठेमहांकाळ एकाच दिवशी येतात. आणि ‘कऱ्हाड’: के, शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई आणि शेवटी चौकटी कंसाची कळ. जे दाबताना शिफ्ट धरला की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो, डीने त्याचा पाय मोडतो, आणि पुढच्या ‘ह’ला तो डोळ्याच्या पापणीसारखा चिकटतो. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलाने हे केलं आणि आपल्या तालुक्याचं नाव सलग सात वेळा लिहिलं. मी त्याला थांबवलं नाही.

याच ‘ऱ’चा आणखी एक त्रास आहे, तो मी शाळेच्या कार्यालयात भोगला. ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी साठवलं जातं. एका तऱ्हेत नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडने जुन्या मजकुराशी जुळवून घ्यायला दुसरी तऱ्हा राहू दिली आहे. पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पटाच्या यादीत मी ‘कऱ्हाड’ शोधलं तेव्हा निम्मी मुलं सापडली नाहीत, कारण अर्धी यादी एका कारकुनाने एका साधनावर आणि अर्धी दुसऱ्याने दुसऱ्या साधनावर भरली होती. सगळ्या कीबोर्डांवर एकच मांडणी असती तर ही दोन रूपं यादीत शिरलीच नसती. खोऱ्यातला, दऱ्याखोऱ्यांतला, वाऱ्यावर, पुजाऱ्याची, असे शब्द सातबाऱ्याच्या आणि मतदारयादीच्या कामात किती येतात याचा विचार करा. ‘सातबाऱ्याच्या’ या रूपातच तो आहे.

इन्स्क्रिप्टचं एक मोल मला जतच्या बाजूला शिकवताना कळलं. सांगली जिल्ह्याच्या त्या टोकाला कानडी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि एकाच गल्लीत मराठी आणि कानडी दोन्ही घरं. मांडणीच्या ओळीत कानडीचा पर्याय घातला की त्याच कळेवर ‘क’च्या जागी कानडी ‘क’ येतो. बोटं तीच राहतात. दोन भाषांची मुलं एका बाकावर बसून एकच मांडणी शिकतात, हे मी पाहिलेलं आहे. रोमन अक्षरांतून टाइप करण्याची सवय लागली की ही सोय हातातून जाते. शिवाय ज्या पोराला इंग्रजी स्पेलिंगची धास्ती आहे त्याला मराठी लिहायलाही इंग्रजीच्या दारातून जावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्याकडे एक डावखुरी मुलगी आहे. माउस उजवीकडे, तारही आखूड, आणि घरीदारी ‘उजव्या हाताने कर’ हे ऐकून ती उजव्या हाताने माउस ओढायची. बाण कधी जागेवर जायचा नाही. तिच्यासाठी ‘एक्सइनपुट’ची एक ओळ लिहिली, माउसची दोन्ही बटणं आपापसांत बदलली, आणि ती ओळ फक्त तिच्या खात्यात ठेवली. ती आत आली की माउस तिचा होतो, ती बाहेर पडली की पुढच्याला त्याचा त्याला मिळतो. अण्णांच्या झाडाखालचा रिवाज यंत्र आता स्वतः पाळतं.

दुसऱ्या एका मुलाचा हात थरथरतो. कळ दाबली की बोट लगेच उचलत नाही, आणि पडद्यावर ‘ककककक’ येतं. त्याच्या खात्यात ‘एक्ससेट’ लिहून कळांची पुनरावृत्तीच बंद केली. डेस्कटॉप नसलेल्या नुसत्या काळ्या पडद्यावर याच्या जवळचं काम ‘केबीडीरेट’ करतं: कळ दाबून धरल्यावर अक्षर पुन्हा उमटायला किती वेळ जावा हे तिथे २५० पासून १००० मिलिसेकंदांपर्यंत ठरवता येतं. तपासणीसाठी आलेल्या एका पाहुण्यांनी त्याचा निबंध वाचला आणि त्यांना काही वेगळं जाणवलं नाही. मुलाने घरी जाऊन आईला हेच सांगितलं, असं आई मला म्हणाली.

आमच्या कक्षाचा एक सर्व्हर आहे, त्यावर डेस्कटॉप नाही. आमचे एक निवृत्त शिक्षक शनिवारी तो बघायला येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, बारीक अक्षरं त्यांना लागत नाहीत. ‘सेटफॉन्ट’ लिहून टर्मिनस नावाचा सोळा बाय बत्तीस ठिपक्यांचा मोठा टाइप लावला आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे मागे सरकवली.

मात्र त्या काळ्या पडद्याची एक उणीव मला मनापासून सलते. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर मराठी दिसत नाही. मुलांनी ‘कऱ्हाड’ नावाची फाइल केली, तर तिथे नावाच्या जागी ठोकळे येतात. कारण ऐकण्यासारखं आहे. त्या पडद्याच्या टाइपात २५६ किंवा फार तर ५१२ चित्रं मावतात. देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागा आहेत, म्हणजे ५१२ मध्ये त्या सहज बसतील असं वाटतं. पण आपली लिपी सुट्या अक्षरांची नाही. पहिली वेलांटी नंतर टाइप होते आणि अक्षराच्या आधी दिसते, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. कन्सोल प्रत्येक खुणेला एक ठरलेली चौकट देतो आणि खुणा ओळीने मांडत जातो. ‘क्ष’, ‘र्क’, ‘ऱ्हा’ या चौकटींत तयार होत नाहीत.

हे अशक्य मुळीच नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आलं, आणि जिस्ट कार्ड नावाची एक पाटी संगणकात बसवली की डॉसच्या काळ्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. तीसेक वर्षांपूर्वी, आजच्या मोबाइलहून किती तरी दुबळ्या यंत्रांवर. तेव्हा जे झालं ते आज सर्व्हरच्या पडद्यावर का नाही, हा प्रश्न मी विचारते आहे आणि तो महाराष्ट्र शासनाच्या मराठी भाषा विभागाने विचारायला हवा. मराठीला अभिजात दर्जा २०२४ मध्ये मिळाला. त्या दर्जाच्या कामांत कन्सोलवर मराठी आणण्याचं काम कुणीतरी घालावं. ते निबंधस्पर्धेपेक्षा कमी महत्त्वाचं नाही.

शाळांसाठी माझी मागणी त्याहून साधी आहे. शाळेला संगणक मिळतो तेव्हा पोचपावतीवर सही होते, किती नग, किती किमतीचे. त्या पावतीत आणखी चार गोष्टी याव्यात: मराठी कळफलक चालू करून दिला आहे, ‘ळ’ आणि ‘ऱ’ टाइप करून दाखवले आहेत, पडद्यावरची अक्षरं शेवटच्या बाकावरून वाचता येतात, आणि या सगळ्याच्या ओळी कागदावर लिहून शाळेला दिल्या आहेत. देणाऱ्याला यात एक पैसा जास्त पडत नाही.

शिकवायला माणसं नाहीत असं म्हणू नका. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट किती तरी वर्षं काम करतो आहे. असा एकेक विद्यार्थी एका शाळेत दोन शनिवार आला तरी एक वही तयार होईल. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था याच कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी सुरू केली. वसतिगृहातल्या मुलांनी आपलं काम आपल्या हातांनी करावं, कमवावं आणि शिकावं, हा त्यांचा आग्रह. ज्या मुलांनी स्वतः स्वयंपाक केला, विहिरी खणल्या, त्यांच्या नातवंडांनी भिंतीवर चित्र अर्धवट आलं म्हणून विक्रेत्याच्या माणसाची आठवडाभर वाट बघावी, हे मला पटत नाही.

यात धोका आहे, तोही सांगते. ज्या ओळी खिडकीत लिहिल्या त्या यंत्र बंद करून चालू केलं की पुसल्या जातात, म्हणून मुलांना मोकळेपणाने करून बघू देता येतं. पडदा काळा झालाच तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून कन्सोलवर जायचं आणि तिथून मूळ चित्र परत आणायचं. पण कायमच्या फाइलमध्ये लिहिताना मी एकदा मराठी मांडणी पहिली आणि इंग्रजी दुसरी लावली, आणि तीच फाइल अठराही यंत्रांवर पाठवली. दुसऱ्या दिवशी कुठलंच यंत्र पासवर्ड घेईना, कारण पासवर्डाची अक्षरं देवनागरीत जात होती. सकाळचे दोन तास बुडाले. घरच्या लॅपटॉपवरून नेटवर्कने आत शिरून क्रम उलटा केला तेव्हा कक्ष उघडला. वहीच्या पहिल्या पानावर तेव्हापासून लाल शाईने लिहिलेलं आहे: इंग्रजी आधी, मराठी नंतर.

शेवटी एक विनंती. जिस्ट कार्ड वापरलेली माणसं सातारा-सांगलीत नक्की असतील: बँकांत, साखर कारखान्यांच्या कार्यालयांत, छापखान्यांत. कुणाच्या माळ्यावर ते कार्ड अजून पडलेलं असेल. मला ते मुलांना दाखवायचं आहे, शक्य झालं तर एखाद्या जुन्या यंत्रात बसवून चालू करायचं आहे. कुणाकडे असेल तर घेऊन यावं; आमचा कक्ष बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते चार उघडा असतो.